झोपलेल्या माणसाची दाढी

आमच्या घराच्या पुढच्या खोलीत आबाजींचं दाढी-कटिंगचं दुकान होतं. वस्तरा गिऱ्हाइकाच्या गळ्याशी आला की ते बोलता बोलता गप्प व्हायचे. वाक्य जिथे असेल तिथेच तुटायचं. गळा आटोपला, वस्तरा फडक्याला पुसला, की मग उरलेलं वाक्य.

एकदा मागच्या गल्लीतला गवळी बसला होता. दुकान आणि आमचं घर यांच्यामध्ये पत्र्याची भिंत होती, तिच्या अलीकडे मी भाकरी थापत होते. आबाजी म्हणाले, "तुह्यी म्हैस काल रेल्वे लाइनीवर..." आणि थांबले. गवळ्याला हलता येईना, विचारता येईना. माझीही भाकरी हातात तशीच राहिली. पलीकडून फक्त वस्तऱ्याची खरखर. बऱ्याच वेळानं आबाजी म्हणाले, "...चालली होती. म्या वापस हाकलली."

"आबाजी, जीव गेला असता न माहा!" गवळी ओरडला.

"म्हनूनच थांबलो. गळ्यावर लोखंड असताना मानसानं हासू नाही, रडू नाही."

"पन अर्धं काऊन सांगता? आधी तरी सांगा, नाही तर मंग तरी सांगा."

"अर्धं सांगतलं म्हनूनच तू पुतळ्यावानी बसला. पाह्य, एक तरी ओरखडा हाये काय?"

मी लग्न होऊन खामगावात आले तेव्हा ते दुकान होतंच. खोली सासूबाईंनी दिलेली. आबाजी मला सूनबाई म्हणत, सासूबाई गेल्यावरही तेच म्हणत राहिले. दुकानात बाईमाणसानं जायचं नाही, त्यामुळे सत्तावीस वर्षं मी त्यांना पाहिलं कमी आणि ऐकलं जास्त. सकाळी ते चामड्याचा पट्टा मधल्या खिडकीच्या गजाला अडकवून त्यावर वस्तरा फिरवायचे. चट्-चट्, चट्-चट्. तो आवाज आला की मी गॅस पेटवायची, कारण त्यांना उकळतं पाणी लागायचं. पाण्याचं भगोनं मी खिडकीत ठेवायची. ते विचारायचे, "पानी आलं काय, सूनबाई?" मी हो म्हणायची. कधी कधी तेवढंही तोंडातून निघायचं नाही, नुसतं भगोनं पुढे सरकवायची. सत्तावीस वर्षांत आमचं बोलणं इतकंच.

मी पहिल्यापासून अशीच. शाळेत मास्तरांनी विचारलेलं मला येत असायचं, पण उभं राहून सांगायला जीभ उचलायची नाही. चौथीनंतर घरच्यांनी शाळेत घातलं नाही आणि मी पण काही म्हटलं नाही. सासूबाई बायकांना सांगायच्या, "मुकी सून आनली म्या. भांडन नाही, कटकट नाही." त्यात कौतुक होतं की टोमणा, मला अजून कळलेलं नाही.

आबाजी दाढी करायच्या आधी गिऱ्हाइकाचा चेहरा डाव्या हातानं चाचपायचे. गाल, हनुवटी, कानाखाली, पुन्हा गाल. तेव्हा त्यांचे डोळे मिटलेले असायचे म्हणे. केस कोणत्या बाजूला वळतो ते बोटांनी पाहून घ्यायचे. कोणी घाई केली तर म्हणायचे, "वावरात उतराच्या आधी चढ-उतार पाहा लागते न बापा." समोरच्या आरशावर टॉवेल टाकलेला असायचा. दाढी पूर्ण झाल्याशिवाय तो निघायचा नाही. "सैपाक अर्धा असताना झाकन काढून पाह्यता काय घरी? मंग इथं काऊन पाह्यता?"

नव्या पत्तीचे वस्तरे आले, तेव्हा पोरं मागे लागली की आबाजी, दरवेळी नवीन पत्ती टाका, आजकाल रोग किती आहेत. आबाजींचा वस्तरा जुना, त्यांच्या वडिलांचा. दर दाढीनंतर तो माझ्या भगोन्यात बुडायचा. ते त्या पोराला म्हणाले, "जेवाले बसला की दरवेळी नवीन दात लावतो काय बे?" सगळे हसले. तो पोरगाही हसला, पण पुढच्या वेळी बस स्टँडजवळच्या एसीच्या सलूनमध्ये गेला. त्याच्यामागे बाकीची पोरं गेली. त्या हसण्याचं पुढे काय होणार हे आबाजींना कळलं नसेल असं मला वाटत नाही.

एकदा एकजण तणतणत आला. पत्र्यातून मला प्रत्येक शब्द ऐकू येत होता. "आबाजी, लवकर करा. आज भावाचं डोस्कं फोडतो."

"मंग दाढी कायले?"

"पोलीस पकडतीन. पेपरात फोटो येईन. असं खुंट वाढलेलं तोंड बरं दिसते काय?"

आबाजींनी त्याच्या गळ्याला बोट लावलं असणार, कारण ते म्हणाले, "नस उडून राह्यली. बस." त्यांनी त्याच्या तोंडाला फेस लावला आणि दुसऱ्याची दाढी करायला घेतली. फेस सुकला. पुन्हा लावला. पुन्हा सुकला. तो मध्ये मध्ये भावाला शिव्या देत होता, पण तोंडावर फेस असल्यामुळे त्यांना जोर येत नव्हता. तिसऱ्यांदा फेस सुकला तेव्हा तो बारीक आवाजात म्हणाला, "आबाजी, भूक लागली."

"जा मंग, जेवून ये. पेपरात उद्या येजो."

माझ्या हातून त्या दिवशी हसता हसता वरणाची वाटी सांडली.

सगळ्यांत जुना त्यांचा नियम मात्र हा होता, की गिऱ्हाइकानं स्वतः हनुवटी वर केल्याशिवाय वस्तरा लावायचा नाही. ते विचारायचे, "करू काय?" तो हनुवटी उचलायचा, मगच काम सुरू. एकदा रात्रभर ट्रक चालवून आलेला ड्रायव्हर फेस लावता लावता खुर्चीतच झोपला. आबाजी हात बांधून उभे. बाकावरची माणसं ओरडायला लागली, उरकून टाका, त्याला काय कळतं. आबाजी म्हणाले, "झोपलेल्या मानसाची दाढी करू नाही. मेलेल्याची करा लागते, तो काही इचारत नाही. झोपलेला उठून इचारीन, कोनाले इचारून हात लावला?" ड्रायव्हर उठेपर्यंत तिघंजण निघून गेले. आबाजींनी त्यांना थांबवलं नाही.

मग आमच्या घरी ते झालं. माझे हे तेलाच्या मिलमध्ये कामाला होते. एका सकाळी चप्पल घालताना खाली बसले ते उठलेच नाहीत. उजवं अंग गेलं आणि वाचाही गेली. 'आं' एवढाच आवाज राहिला. दवाखान्यातून आणल्यावर यांना उचलायला माणसं यायची, पाहायला यायची, औषध द्यायला यायची. कोणी पाय धरायचं, कोणी खांदे. यांना कोणी काही विचारायचं नाही. मीसुद्धा नाही. कूस बदलायची तर मी बदलून टाकायची. भरवायचं तर चमचा ओठांना लावायची. मला वाटायचं, विचारून काय होणार, सांगता तर येत नाही.

पंधरा दिवसांनी आबाजी पहिल्यांदा पत्र्याच्या अलीकडे, घरात आले. हातात वाटी, ब्रश, वस्तरा, खांद्यावर टॉवेल. यांच्या पलंगाशी बसले आणि बाहेर कोणालाही विचारायचे तसंच विचारलं, "करू काय?"

हे नुसते बघत राहिले. आबाजी थांबले. मी दाराशी उभी होते. मला वाटलं, आता सांगावं, यांना कळत नाही हो. पण आबाजी इतके निवांत बसले होते की बोलवेना. बऱ्याच वेळानं यांची हनुवटी हळूच वर झाली. दुखणं आल्यापासून यांनी कोणाला हो म्हटलं, ते हे पहिलं.

तेव्हापासून दर रविवारी आणि बुधवारी आबाजी आत येत. सकाळी पट्ट्याचा आवाज सुरू झाला की हे डाव्या हातानं उशी सरळ करायला बघायचे. त्या दोन दिवशी जेवायचेही नीट. दाढी चालू असताना आबाजी यांना गावच्या गोष्टी सांगायचे, आणि गळ्याशी येऊन थांबायचे. उरलेली गोष्ट ऐकली की यांच्या तोंडाची डावी बाजू हसायची.

याच सुमारास आबाजींचा हात कापायला लागला. चहाचा कप बशीत वाजायचा. लोकांच्या नजरेत आलंच. कापणाऱ्या हातापुढे गळा कोण देणार? बाकावरची माणसं कमी होत गेली, मग बाक रिकामाच राहू लागला. मी मात्र जवळून पाहिलं होतं. वस्तरा हवेत असेपर्यंत हात असा थरथरायचा की बघवायचं नाही. पण डावा हात यांच्या गालावर टेकला, वस्तरा कातडीला लागला, की थरथर थांबायची. पूर्ण थांबायची. ते स्वतःच एकदा म्हणाले, "हवेत कापते, चामडीवर थांबते. काम असलं की हाताले आठवते." वर्षभरात यांना एकदाही लागलं नाही. साऱ्या खामगावात आता त्यांच्याकडे हा एकच चेहरा उरला होता. पट्टा रोज वाजायचा, पण तो आठवड्यातल्या या दोन दाढ्यांसाठी. ते मला कळत होतं. तेवढा चेहराही गेला तर हाताला आठवण करून द्यायला काही राहणार नाही, हेही कळत होतं.

पोळ्याला मुलगा पुण्याहून आला. बुधवार होता. तो दारात उभा राहिला आणि त्यानं यांच्या गळ्यासमोर हवेत कापणारा वस्तरा पाहिला. पुढचं त्यानं पाहिलं नाही, तोंड फिरवलं. आबाजी गेल्यावर मला म्हणाला, "आई, तू वेडी झाली का? त्यांचा हात पाह्य न! एखाद्या दिवशी बाबांचा गळा कापून ठेवतीन."

"वर्षभरात लागलं नाही काही."

"लागल्यावर सांगशीन? बाबा ओरडू तरी शकतात का?"

मनात होतं सगळं. वस्तरा टेकल्यावर हात थांबतो ते होतं, हनुवटीचं होतं, पट्टा वाजला की हे उशी सरळ करतात ते होतं. पण मुलगा भराभर बोलत होता. त्यानं संध्याकाळी बाजारातून दाढीचं मशीन आणलं. शनिवारी यांचं डोकं बगलेत धरून त्यानं पाच मिनिटांत दाढी केली. यांच्या डाव्या डोळ्यातून पाणी आलं. "मशीनचे केस गेले डोळ्यात," तो म्हणाला आणि मायेनं पुसलं. मुलगा वाईट नाही. त्याला भीती वाटत होती.

जाताना तो म्हणाला, "त्यांना तू सांग. मी सांगितलं तर त्यांना राग येईन."

रविवारी आबाजी वाटी-ब्रश घेऊन आतल्या दारात आले. मी आडवी उभी होते. काय बोलायचं ते रात्रभर पाठ केलं होतं, त्यातलं काही आठवलं नाही. तोंडातून निघालं, "हे झोपले."

झोपलेल्या माणसाला ते हात लावणार नाहीत हे मला ठाऊक होतं. म्हणूनच ते निघालं असेल.

"झोपू द्या मंग," ते म्हणाले. "मी बसतो बाहीर. उठले की आवाज द्या."

ते पायरीवर बसले. आत हे टक्क जागे होते. आबाजींचा आवाज यांनी ऐकला होता. हे 'आं' करायला लागले, एकदा, दोनदा, मग सारखं. मी स्वयंपाकघरात गेले आणि मिक्सर सुरू केला. तासभर मी तो थोड्या थोड्या वेळानं लावत होते. मग बाहेर पाहिलं तर पायरी रिकामी होती.

बुधवारी पुन्हा तेच. पुढच्या रविवारी तेच. चौथ्या वेळी आबाजी आत आले नाहीत. खिडकीतूनच विचारलं, "झोपले काय?" मी हो म्हटलं. त्यांनी गजाचा पट्टा सोडला आणि गुंडाळून पिशवीत ठेवला. तीन दिवसांनी त्यांचा जावई टेम्पो घेऊन आला आणि त्यांना आपल्या गावी, सुलतानपूरला घेऊन गेला. खुर्ची टेम्पोत चढवताना मी पडद्याआड होते. बाहेर जाऊन 'येत जा' एवढंसुद्धा म्हणाले नाही.

पुढची खोली मुलानं मोबाईलच्या दुकानाला दिली. हे बुधवारी आणि रविवारी सकाळपासून दाराकडे बघत असायचे. मशीन घेऊन मी जवळ गेले की मान फिरवायचे. माझ्यानं यांचं डोकं बगलेत धरवलं नाही. दाढी वाढत गेली. जेवण सांडायचं ते तिच्यात अडकायचं. येणारे-जाणारे म्हणायचे, बिचाऱ्याचं आता काही खरं नाही. दोन महिने मी हे पाहिलं. मग एके सकाळी शेजारच्या काकूंना यांच्याजवळ बसवलं आणि मेहकरची एसटी धरली. तिथे गाडी बदलून सुलतानपूरला उतरले. एकटीनं एवढा प्रवास मी कधी केला नव्हता. त्यांचं घर विचारायलासुद्धा दोन दुकानं टाळून तिसऱ्या दुकानात एक बाई दिसली तेव्हा विचारलं.

आबाजी ओसरीत बाजेवर बसले होते. दोन्ही हात मांड्यांखाली दाबलेले. मला पाहून म्हणाले, "सूनबाई! बसा, बसा. त्याईचं कसं हाये?"

"बरं आहे."

"दाढी कोन करते?"

"मशीन आणलं मुलानं."

"डाव्या गालाले खालून वर नेऊ नका म्हना. पुरळ येते त्याईले."

मी हो म्हटलं. त्यांच्या लेकीनं चहा आणला. मला कप दिला, आणि त्यांच्यासाठी बशीत ओतून बशी त्यांच्या तोंडाला लावली. ते लहान मुलासारखे प्यायले. हात मांड्यांखालून काढले नाहीत.

लेक आत गेली तेव्हा मी म्हटलं, "आबाजी, हे झोपले नव्हते."

"मालूम हाये."

मी बशीकडे बघत राहिले.

"सत्तावीस वर्सं पत्र्याच्या पलीकडून तुमचं घर आयकलं म्या. रिकाम्या मिक्सरचा आवाज येगळा असते, सूनबाई. त्यात कायी दळल्या जात नाही."

"मंग आत काऊन नाही आले? मला बाजूला करून यायचं."

त्यांच्या आवाजात राग असता तर मला बरं वाटलं असतं. "इतक्या वर्सांत तुमी मले कधी काही मागतलं नाही. हे असं करा म्हनलं नाही, तसं करू नका म्हनलं नाही. पैल्यांदा दारात उभ्या राह्यल्या अन् काई तरी म्हनलं. ते म्या कसं मोडू?"

"आता चला. हे वाट पाहतात. मी मुलाला सांगते." हे मी खरंच म्हटलं, आणि मुलाला सांगितलंही असतं.

आबाजींनी मांड्यांखालून हात काढले. ते मी पाहिले होते त्यापेक्षा फार वाईट कापत होते, नुकत्या पकडलेल्या पाखरासारखे. त्यांनी उजवा हात स्वतःच्या गालावर टेकवला आणि दाबून धरला. हात थांबला नाही. त्याच्याबरोबर गालही हलायला लागला.

"आता चामडीवर बी थांबत नाही," ते म्हणाले. "काम होतं तोवर होतं." आणि हात पुन्हा मांड्यांखाली घातले.

लेकीनं जेवून जायचा आग्रह केला. मी गाडीचं निमित्त सांगितलं.

घरी आले तेव्हा ऊन उतरलं होतं. काकू उठून गेल्या. हे जागे होते. मी स्टूल ओढून पलंगाशी बसले आणि यांना सगळं सांगितलं. झोपलेत म्हणून मी सांगितलं, चार वेळा. मिक्सर मी लावला, तुमचा आवाज त्यांना जाऊ नये म्हणून. आबाजींना ते कळलं होतं आणि तरी ते माझ्या शब्दावर परत गेले. आता त्यांचा हात कायमचा गेला. आता ते येणार नाहीत, वाट पाहू नका. आयुष्यात इतकं सलग मी कोणाशी बोलले नव्हते. अडखळलेही नाही.

यांची नजर माझ्या तोंडावरून हलली नाही. मग डाव्या हातानं यांनी चादर धरली, छातीवरून हळूहळू वर घेतली आणि स्वतःच्या तोंडावर ओढली.

चादर नाकाजवळ श्वासानं आत-बाहेर होत होती. ती बाजूला करायचा मला धीर झाला नाही. मी तशीच बसून राहिले. बोलायचं होतं ते सगळं माझं बोलून झालं होतं.